चारही चाकांना ताकद आहे, मग विंटर टायर कशाला?

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप.

म्युनिकमध्ये नोकरी करणाऱ्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. त्याने सेकंडहँड गोल्फ आर घेतलीये. सुमारे तीनशे हॉर्सपॉवर, ऑल व्हील ड्राइव्ह. तो म्हणतो, "समर टायर नवेकोरे आहेत. बर्फ पडला तर गाडी काढणारच नाही. मग विंटर टायर कशाला?"

मित्रा, बर्फाची वाट बघू नकोस, थर्मामीटर बघ.

आपल्याकडे थंडीत खोबरेल तेलाची बाटली कशी गोठते, आठवतंय? समर टायरचं रबर अगदी गोठत नाही, पण साधारण 7 अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं. रस्ता कोरडा असला तरी पकड कमी होते, आणि ओला असेल तर विचारूच नकोस. त्यातही ट्रॅकसाठीचे अतिस्पोर्टी टायर शून्याखाली वापरले तर त्यांना तडेसुद्धा जाऊ शकतात. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. त्यावरच्या शेकडो बारीक चिरा बर्फाला धरून ठेवतात.

आता ऑल व्हील ड्राइव्ह. त्याने गाडी सुटते झकास, पण थांबायचं काय? ब्रेक तर प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतात! गाडी रस्त्याला टेकते ती फक्त चार तळहातांएवढ्या जागेवर. तिथलं रबर घसरलं की हॉर्सपॉवर काही कामाची नाही. उलट गाडी पटकन सुटते म्हणून आपल्याला वाटतं, पकड मस्त आहे. हा गैरसमज पहिल्याच वळणावर महागात पडतो.

कायदाही माहीत हवा. जर्मनीत तारखेची सक्ती नाही, पण बर्फ किंवा निसरडा रस्ता असेल तर योग्य टायर हवेतच. 1 ऑक्टोबर 2024 पासून त्यावर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह लागतं. नुसतं 'एम प्लस एस' चालत नाही. पकडलं तर किमान 60 युरो दंड आणि लायसन्सवर एक पॉइंट. सकाळी कोरड्या रस्त्यावर निघालास आणि संध्याकाळी परतताना बर्फ पडला, तर गाडी ऑफिसात सोडून येणार का?

मग निवड कशी करायची?

साइज: या गाडीला 19 इंची रिम असतील, तर हिवाळ्यासाठी 18 इंची सेट बघ. 235/35 आर 19 ऐवजी 225/40 आर 18 घेतला तर चाकाची एकूण उंची जवळपास तेवढीच राहते. टायर स्वस्त पडतो आणि त्याची जाड बाजू खड्डे सोसते. त्याहून लहान रिमच्या नादी लागू नकोस, मोठ्या ब्रेकवर ती बसेलच असं नाही. गाडीच्या कागदपत्रांत तो साइज मंजूर आहे ना, हे आधी तपास.

वेग: टायरवर व्ही असेल तर मर्यादा ताशी 240 किलोमीटर. गाडी त्याहून वेगवान असेल, तर ती मर्यादा लिहिलेला स्टिकर ड्रायव्हरला दिसेल असा लावावा लागतो.

खाच: कायद्याने 1.6 मिलिमीटर पुरते, पण बर्फासाठी 4 च्या खाली गेलेला टायर बदललेलाच बरा.

हवा: तापमान 10 अंश उतरलं की प्रेशर साधारण 0.1 बार कमी होतं. म्हणून दर महिन्याला तपास.

ऑल सीझन टायर? हळू चालवणाऱ्याला, सौम्य हिवाळ्याच्या शहरात ठीक. पण आल्प्सच्या पायथ्याशी, एवढ्या ताकदीच्या गाडीला ते दोन्ही ऋतूंत अर्धवट पडतात.

आणि खर्च? एक सेट रस्त्यावर असतो तेव्हा दुसरा आराम करतो, म्हणजे दोन्ही जास्त वर्षं टिकतात. जर्मन लोक 'ऑक्टोबर ते ईस्टर' असा साधा हिशेब ठेवतात. पहिला बर्फ पडला की सगळे एकदमच गॅरेजकडे धावतात, तेव्हा अपॉइंटमेंट सप्टेंबरातच घेऊन ठेव.

मंडळी, थंड देशात राहणारा एखादा गाडीवेडा मित्र असेल, तर त्याला हा भाग आजच पाठवा. भेटू पुढच्या भागात!