कणीचा देश

डकार (सेनेगल)

आमच्या खर्ड्याकडे तांदळाची कणी कोंबड्यांपुढे टाकतात, फार तर तापातून उठलेल्याला तिची पेज देतात. इथे बाजारात उलटं. दुकानदार पोत्यातली मूठभर कणी तळहातावर पसरून दाखवतो आणि गिऱ्हाईक बघतं की तुकडे एकसारखे बारीक आहेत ना. अख्खा दाणा यांना नको असतो.

ही आवड फ्रेंचांनी लावली. त्यांना तेलासाठी शेंगदाणा हवा होता, म्हणून इथली रेताड जमीन भुईमुगाखाली गेली. मग माणसांनी खायचं काय? इंडोचायनाही त्यांच्याच ताब्यात होता. सायगॉनच्या गिरण्यांत भात सडताना जो तुकडा उरे, तो स्वस्तात जहाजाने इकडे यायचा. शेतकऱ्याने शेंगा विकायच्या आणि कणी विकत घ्यायची. पुढे त्याच कणीतून ‘चेबू जेन’ हा मासे-भात घडला आणि २०२१ साली तो युनेस्कोच्या वारसायादीत गेला. माझ्या घरमालकीणबाई तांदूळ आधी नुसत्या वाफेवर धरतात, मग माशाच्या, टोमॅटोच्या रश्शात शिजवतात. तुकडा रस्सा पितो, अख्खा दाणा पीत नाही, असं त्यांचं म्हणणं. एका मोठ्या थाळ्याभोवती सगळं घर बसतं आणि तळाच्या खरपुडीसाठी पोरांची झोंबाझोंबी चालते. अगदी आपल्यासारखी.

इंडोचायना सुटला, सवय राहिली. अलीकडे तर या कणीचा मोठा वाटा भारतातून येऊ लागला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या सरकारने तुकडा तांदळाची निर्यात बंद केली. त्या वर्षी भात पिकवणाऱ्या काही राज्यांत पाऊस कमी, भाताचा पेरा घटलेला आणि कणीला पशुखाद्य अन् इथेनॉलवाल्यांची मागणी. विनंती करणाऱ्या देशांना थोडा माल सुटला, पण पूर्ण बंदी उठायला मार्च २०२५ उजाडला. मला आमचा खर्ड्याचा भुईकोट आठवला. १७९५ च्या लढाईत निजाम त्यात जाऊन बसला, मराठ्यांनी दाणापाणी तोडलं आणि तो तहाला आला.

बाहेरच्या दाण्यावर विसंबण्यातला धोका इथले राज्यकर्ते जाणत नव्हते असं नाही. सेनेगल नदीच्या मुखाकडे दियामाचं धरण १९८६ सालीच झालं. उन्हाळ्यात समुद्राचं खारं पाणी नदीतून वर चढायचं, ते अडलं आणि खोऱ्यात वर्षाला दोन भातपिकं घेता येऊ लागली. २००८ मध्ये जगभर धान्य कडाडलं, तेव्हा अध्यक्ष अब्दुलाय वाद यांनी पिकं वाढवण्याची मोठी मोहीम जाहीर केली. तांदूळ पिकला, पण खपेना. त्यात खडे असायचे, एकाच पोत्यात अख्खा आणि तुकडा मिसळलेला असायचा. शेतात कोट्यवधी घालून गिरणीकडे दुर्लक्ष करायचं, हा दोष काही एकट्या सेनेगलचा नाही. प्रतवारीची यंत्रं बसली, दाणा निवडून येऊ लागला, तेव्हा कुठे डकारच्या बायका खोऱ्यातला तांदूळ हातात घेऊ लागल्या.

खरं घरचं धान्य मात्र बाजरी. ती मूळची याच साहेल पट्ट्यातली, आपल्याकडे आफ्रिकेतूनच आलेली. खेड्यात रात्री ‘चेरे’ असतं: बाजरीच्या पिठाचे वाफवलेले रवाळ दाणे, त्यात गोरखचिंचेच्या पाल्याची भुकटी. पण बाजरी उखळात कांडायची, पाखडायची, पीठ ओलवून वळायचं, चाळायचं, पुन्हापुन्हा वाफवायचं. शहरातल्या नोकरदार बाईला हे कोण सांगणार? इथल्या अन्नतंत्र संस्थेने बाजरीचं पीठ मिसळून ‘पामिब्ले’ नावाचा पावही काढला होता. बाजरीला गव्हासारखा चिकटा नसतो, म्हणून तर आपण भाकरी लाटत नाही, थापतो. प्रमाण वाढवलं की पाव बसतो. भट्टीवाले परत निव्वळ गव्हाकडे वळले आणि गहू सगळा बाहेरचा. पाकिटातल्या तयार चेऱ्याचं मात्र बरं चाललंय. बायकांचे छोटे उद्योग ते बनवतात. घरच्या बाईचे कष्ट वाचले, एवढंच त्यामागचं गुपित.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्याकडे रेशनवर अमेरिकेची लाल मिलो आली होती. दुष्काळी कामावर खडी फोडून आल्यावर आई तिच्या भाकरी थापायची. त्या मोडायच्या, पोरं तोंड वाकडं करायची. पाऊस पडला, ज्वारी आली आणि मिलोचं नावही कुणी काढलं नाही. ती जिभेवर बसली नाही हे आमचं नशीब. पुढे रेशनचा गहू मात्र बसला.

परवा इथल्या बाजरीच्या भाकरी केल्या. घरमालकीणबाईंनी माशाच्या रश्शात कुस्करून दोन खाल्ल्या, तिसरी मागितली. म्हटलं, उद्या दुपारी करू? त्या हसल्या. म्हणाल्या, “रात्री कर. दुपारी भात.”