जुनी पीक-आकडेवारी आणि माहितीकोश

तालुक्याच्या कपाटांतील जुने पीकतक्ते संगणकावरील डेटाबेसमध्ये उतरविताना आकडे भरण्याची घाई करू नये. आधी माहितीकोश, म्हणजे डेटा डिक्शनरी, तयार करावी. प्रत्येक रकान्याचा नेमका अर्थ, एकक, काळ व माहितीचे मूळ तीत नोंदवावयाचे असते.

भाताचेच उदाहरण घ्यावे. ‘उत्पन्न’ या मथळ्याखाली एका वर्षी टरफलासहित धान, तर दुसऱ्या वर्षी तांदूळ नोंदलेला असू शकतो. १०० किलो धानापासून सुमारे ६७ किलो तांदूळ मिळतो. म्हणजे पीक तृतीयांशाने बुडाल्याचा भास होतो. पीकविम्याचे उंबरठा उत्पादन मागील वर्षांच्या उत्पन्नावरून ठरते. मागील काही आकडे तांदळाचे व चालू वर्षाचा धानाचा असेल, तर उंबरठा खाली येतो आणि नुकसान सोसूनही शेतकऱ्याची भरपाई हुकते.

वर्षाचेही तसेच. कृषी वर्ष १ जुलैला सुरू होते, महसुली वर्ष १ ऑगस्टला. कोणते धरले ते लिहावे. ठाणे जिल्ह्याचे भातक्षेत्र २०१४ नंतर एकाएकी आकसलेले दिसेल. त्यात पावसाचा दोष नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला.

रिकामा चौकोन म्हणजे शून्य नव्हे. पेरणीच झाली नव्हती की पाहणी राहून गेली, हे कागद सांगत नाही. त्या काळी पाहणी केलेले निवृत्त तलाठी पुष्कळदा जवळच्याच गावी राहत असतात. त्यांस विचारून, उत्तर तारखेसह कोशात लिहून ठेवावे.