३२ गिरक्या आणि एक ज्युलिएट

'स्वान लेक' या बॅलेत नायिकेची दुहेरी परीक्षा असते. जादूगाराने हंस केलेली हळवी ओडेट तिनेच व्हायचं आणि राजपुत्राला फसवणारी तोऱ्यातली ओडीलही तिनेच. शब्द एकही नाही, जे सांगायचं ते अंगानेच! १८९५ साली सेंट पीटर्सबर्गला इटालियन नर्तिका पिएरिना लेन्यानी हिने ओडीलच्या नाचात एका पायावर लागोपाठ ३२ गिरक्या घेतल्या. तेव्हापासून प्रेक्षक गिरक्या मोजू लागले.

मॉस्कोच्या बोल्शॉय थिएटरची माया प्लिसेत्स्काया (१९२५-२०१५) मात्र त्या ३२ गिरक्यांऐवजी रंगमंचभर वेगाने वर्तुळात फिरायची. तिची ओडेट लक्षात राहिली ती लाटेसारख्या हलणाऱ्या हातांमुळे. त्याच थिएटरची गालिना उलानोवा (१९१०-१९९८) हिची ताकद तर भावदर्शनातच होती. १९५६मध्ये बोल्शॉयचा चमू लंडनला गेला, तेव्हा ती ४६ वर्षांची होती. तरीही तिने कोवळी ज्युलिएट साकारली आणि लंडनकरांना जिंकून घेतलं.

मग तंत्राला महत्त्व नाही का? आहे तर! पाय डगमगला की ओडीलचा तोराच ओसरतो. पण गिरक्या मोजता येतात, डोळ्यातली ओढ मोजता येत नाही. म्हणून टाळ्या आधी गिरक्यांनाच पडतात. उलानोवाची ज्युलिएट १९५५च्या रशियन चित्रपटात आहे. मिळाला तर जरूर बघा, आणि तिच्या पायांइतकंच चेहऱ्याकडेही लक्ष द्या. वय कुठल्या कुठे विसरायला होतं!