गोदामातलं सामायिक फोल्डर
भिवंडीतल्या गोदामाच्या ऑफिसात बिलिंगचा संगणक बहुधा विंडोजचा. कापडाची डिझाइनं करणारा मॅकवर, आणि फाइली साठवायच्या डब्यात लिनक्स. तरी स्टॉकची एकच फाइल तिघांना उघडते, कारण नेटवर्कवर तिघांची बोली एक: एसएमबी. मॅक त्या डब्यातल्या डिस्कला हातच लावत नाही. ‘अमुक फाइलचा अमुक भाग दे’ एवढंच मागतो. डिस्कवर ती कुठे, कशी ठेवलीय हे डब्याने बघायचं.

ही बोली १९८०च्या दशकात आयबीएममध्ये जन्मली, मायक्रोसॉफ्टने वाढवली. लिनक्स ज्यात मोडतं त्या युनिक्सच्या घराण्याला ती ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेलने शिकवली. १९९२ साली सुरू झालेलं त्याचं ‘सांबा’ हे सॉफ्टवेअर आजही फुकट मिळतं.

कुरबुरी असतातच. फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही, विंडोज अडून बसतं. देवनागरी नावं मात्र बिनधास्त द्या.

जपायचं ते एसएमबीच्या जुन्या पहिल्या आवृत्तीपासून. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हा घातक प्रोग्राम तिच्यातल्या भोकातूनही पसरला आणि इथून फार लांब नसलेल्या न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. जुना प्रिंटर-स्कॅनर फोल्डरात फाइल टाकत नाही म्हणून दुरुस्तीवाला ‘एसएमबी १ चालू करतो’ म्हणाला, तर नको म्हणा. स्कॅन ईमेलने घ्या. आणि राउटरवरून एसएमबीचं ४४५ क्रमांकाचं पोर्ट बाहेर उघडू देऊ नका. घरून फाइल हवी असेल तर व्हीपीएन लावून घ्या.