खुर्ची, जिना आणि आरोग्य

इतिहासाच्या शिक्षकाने स्मरणिकेत व्यायामावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. म्हणून प्रथम त्याचे कारण सांगतो. वयाच्या 52व्या वर्षी रक्ततपासणीत माझी साखर मर्यादेबाहेर गेल्याचे आढळले. डॉक्टरांनी रोज व्यायाम करण्यास सांगितले. मी उत्तरलो, “वेळ कुठे आहे?” ही सबब नव्हती. निवासी शाळेतील शिक्षकाचा दिवस पहाटेच्या घंटेने सुरू होतो आणि रात्रीच्या अभ्यासिकेनंतर संपतो, हे येथे राहून गेलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. सलग एक तास मोकळा मिळणे, ही सुटीतील गोष्ट.

व्यायाम म्हणजे पहाटेचा तास, मोकळे मैदान आणि वेगळे बूट, अशी माझी समजूत होती. तेवढे जमत नसेल तर काहीच करण्यात अर्थ नाही, असा तिचा दुसरा भाग होता. ही समजूत चुकीची आहे आणि ती चुकीची ठरण्याला सुमारे 70 वर्षांचा इतिहास आहे. तोच येथे मांडतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू झपाट्याने वाढू लागले होते. त्याचे कारण शोधणाऱ्यांत जेरी मॉरिस हे डॉक्टर होते. गरीब स्थलांतरित कुटुंबात वाढलेल्या मॉरिस यांचे लक्ष कामगारांच्या कामाच्या स्वरूपाकडे गेले. त्यांनी लंडनच्या दुमजली बसवरील कर्मचारी अभ्यासासाठी निवडले. एकाच गाडीवर दोन माणसे काम करीत. दोघांची वस्ती, वेतन व राहणीमान साधारण सारखेच. फरक एवढाच, की ड्रायव्हर दिवसभर बसून असे आणि कंडक्टर तिकिटे देण्यासाठी सतत खाली-वर करीत असे. मुंबईत बेस्टच्या जुन्या दुमजली गाड्यांतून ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर हे चित्र सहज उभे राहील. लंडनचा कंडक्टर एका पाळीत 500 ते 750 पायऱ्या चढत असे.

1953 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला. कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण ड्रायव्हरांपेक्षा स्पष्टपणे कमी होते. हृदयविकाराचा झटका येऊन अल्पावधीत दगावण्याचे प्रमाण तर जवळजवळ निम्मे होते. पोस्टमन आणि बसून काम करणारे कारकून यांची तुलना केली, तेव्हाही असाच फरक दिसला. ड्रायव्हर मुळातच स्थूल असतील, अशी शंका पुढे आली. मॉरिस यांनी ती टाळली नाही. त्यांनी गणवेशाच्या विजारींची मापे तपासली. ड्रायव्हरांच्या विजारी कमरेला खरोखरच मोठ्या होत्या. मात्र सारख्या मापाच्या माणसांची तुलना केल्यावरही कंडक्टरांचे पारडे जड राहिले.

या कंडक्टरांपैकी कोणी व्यायाम करण्यासाठी जिना चढत नव्हता. त्याची चढउतार सलगही नव्हती. दहा-बारा पायऱ्या, मग थोडी उभी राहून तिकिटे, पुन्हा पायऱ्या, असा त्याचा दिवस जाई. शरीराने त्या तुकड्यांचीही बेरीज केली होती.

तज्ज्ञांच्या शिफारशींत ही गोष्ट पूर्णपणे उतरायला बराच काळ गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2010 सालच्या शिफारशींत, एका वेळी किमान 10 मिनिटांचा व्यायामच हिशेबात धरावा, अशी अट होती. 2020 साली ती काढून टाकण्यात आली. प्रौढांनी आठवड्यात 150 ते 300 मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल करावी, किंवा 75 ते 150 मिनिटे जोरकस हालचाल करावी, असे आता सांगितले जाते. 150 मिनिटे म्हणजे रोजची सुमारे 22 मिनिटे. ती दोन-दोन, तीन-तीन मिनिटांनी जमली तरी चालतात.

2022 साली ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात आणखी एक अभ्यास आला. ब्रिटनमधील 25 हजारांहून अधिक लोक त्यात होते आणि त्यांपैकी कोणीही वेगळा व्यायाम करीत नव्हते. त्यांच्या मनगटावरील यंत्राने दिवसभरातील हालचाल टिपली आणि पुढे सुमारे सात वर्षे त्यांच्या प्रकृतीचा मागोवा घेण्यात आला. दिवसातून तीन वेळा, दर वेळी एक-दोन मिनिटे, दम लागेल अशी हालचाल कामाच्या ओघात करणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण, अशी हालचाल मुळीच न करणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे 40 टक्क्यांनी कमी आढळले. अशा निरीक्षणातून कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही, कारण प्रकृतीने धडधाकट माणूस मुळातच अधिक हालतो. तरीही लंडनच्या जिन्याने दाखवलेली दिशा आणि ही दिशा एकच आहे.

शरीरात नेमके काय घडते? जिना चढताना मांड्यांचे मोठे स्नायू आकुंचन पावतात आणि रक्तातील साखर ओढून घेतात. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनवर अवलंबून न राहताही साखर घेऊ शकतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील माणसासाठी हे फार मोलाचे आहे. जेवणानंतर साखर चढते, म्हणून त्या वेळी दहा-पंधरा मिनिटे चालणे विशेष उपयोगी पडते. हृदयालाही थोडा जोर लावावा लागतो आणि त्याची क्षमता टिकून राहते.

माझ्यापुरते सांगायचे, तर मी वेळापत्रक बदलले नाही. शिक्षकांची खोली तळमजल्यावर आणि दहावीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. पूर्वी हजेरीपट किंवा नकाशा खाली राहिला, की मी एखाद्या विद्यार्थ्याला पिटाळीत असे. आता स्वतः जातो आणि भरभर वर येतो. दोन तासिकांच्या मध्ये खुर्चीवरून दहा वेळा हात न टेकता उठतो. दुपारच्या जेवणानंतर वसतिगृहाला दोन फेऱ्या घालतो. रात्रीच्या अभ्यासिकेत बसून नव्हे, तर फिरून लक्ष ठेवतो. औषध चालूच आहे. परंतु साखर आटोक्यात आली आहे आणि दुसऱ्या मजल्यावर पोहोचल्यावर शिकवायला सुरुवात करण्यापूर्वी थांबावे लागत नाही.

आपला जोर पुरेसा आहे की नाही, हे ओळखण्यास यंत्र लागत नाही. बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, ती मध्यम हालचाल. चार-दोन शब्दांनंतरच श्वास घ्यावा लागतो, ती जोरकस. ज्यांना हृदयविकार आहे, चालताना छातीत दुखते, गुडघे अधू आहेत किंवा मधुमेहासाठी इन्सुलिन चालू आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे आणि हळूहळू वाढवावे.

आता थोडे अवघड बोलतो. माझे वडील शेतमजूर होते. “पंख्याखाली बसून करायची नोकरी मिळव,” असे ते मला सांगत. अनेक वाचकांच्या घरी हेच वाक्य बोलले गेले असेल. त्यांचे कष्ट हा व्यायाम नव्हता. ते लादलेले होते आणि त्यांत पुरेशी विश्रांती वा पोटभर अन्न नव्हते. त्या कष्टांतून सुटून मिळालेली खुर्ची हा आपल्या घराण्यांचा मान आहे. त्यामुळेच ओझे स्वतः उचलणे, लिफ्ट असताना जिना चढणे, बसथांब्यापर्यंत पायी जाणे आपल्यातील काहींना कमीपणाचे वाटते. मलाही वाटत असे. परंतु पोटासाठी वाहिलेले ओझे आणि स्वतःच्या इच्छेने चढलेला जिना यांत गुलामी आणि स्वातंत्र्य यांइतके अंतर आहे. आईवडिलांनी मिळवून दिलेली खुर्ची आपण आजाराच्या हवाली करायची काय, एवढाच प्रश्न आहे.

माता-पालकांसाठी एक स्वतंत्र गोष्ट. दिवसभर घरात राबणाऱ्या स्त्रीला ‘तुझा व्यायाम होतोच की’ असे ऐकवले जाते. ओट्यापाशी तासन्‌तास उभे राहिल्याने पाय दुखतात. परंतु बहुतेक वेळा दम लागत नाही. तिला जेवणानंतरची पंधरा मिनिटे चालायला मिळावीत, यासाठी त्या वेळी भांडी दुसऱ्या कोणी घासली पाहिजेत. हे घरातील पुरुषांनी आणि येथे शिकून गेलेल्या मुलांनी मनावर घ्यावे.

आपल्या वसतिगृहात घंटा झाली, की मुले जिन्यावरून धावत सुटतात आणि आम्ही शिक्षक त्यांना “सावकाश!” म्हणून ओरडतो. पडू नये म्हणून ते ओरडणे आवश्यकच आहे. मात्र शाळा सुटल्यावर ही धाव पूर्ण थांबू देऊ नका. स्नेहमेळाव्याला याल, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरील आपल्या जुन्या वर्गापर्यंत एकदा चढून जा. वर पोहोचल्यावर लागलेला दम बरेच काही सांगेल. तो जास्त वाटला, तर दुसऱ्या दिवसापासून दोन मिनिटांनी सुरुवात करा.