दोन लाटा, चौपट उजेड

जयपूरच्या जोहरी बाजारात लॅब्राडोराइटचा राखाडी खडा फिरवून पाहिला, की एका कोनात तो निळा झळाळतो आणि जरा कलला की विझतो. हा निळा एखाद्या रंगद्रव्याचा असावा, असे अनेकांना वाटते. तसे नसते.

खड्यात किंचित वेगळ्या रचनेचे अतिपातळ थर एकाआड एक असतात. जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. प्रत्येक थरावरून थोडा प्रकाश परततो आणि परतलेल्या लाटा एकमेकींत मिसळतात. हे व्यतिकरण (लाटांनी एकमेकींना वाढवणे किंवा घटवणे). तीजेच्या झोपाळ्याला दोघींनी एकाच वेळी एकाच दिशेने रेटा दिला तर तो उंच जातो. विरुद्ध दिशांनी दिला तर जागीच राहतो. त्या कोनात निळ्या लाटांचे रेटे जुळतात, इतर रंगांचे तितके जुळत नाहीत.

नेहमीचा गैरसमज असा, की दोन लाटा म्हणजे दुप्पट प्रकाश. प्रत्यक्षात बेरीज होते ती आयामांची (आयाम म्हणजे लाटेची कमाल उंची), आणि तीव्रता आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे सारख्या दोन लाटा तालात भेटल्या तर तीव्रता चौपट, अगदी उलट्या तालात भेटल्या तर शून्य! ऊर्जा मात्र नाहीशी होत नाही. एका दिशेला कमी झालेली दुसऱ्या दिशेला जाते.

मग खोलीत दोन सारखे बल्ब लावल्यावर उजेड दुप्पटच का होतो? त्यांच्या लाटांचा ताल स्वतंत्रपणे, क्षणोक्षणी बदलत असतो. चौपट आणि शून्य यांची सरासरी दुप्पटच येते.