पुलापलीकडची काळी भुकटी

बँकेत असताना स्टॉक तपासणीसाठी शिरोली एमआयडीसीत जावे लागे. एका कारखानदाराच्या यादीत ‘मॉली ग्रीस’ अशी किरकोळ नोंद होती. डबा उघडला, बोट काळे झाले. ‘‘साहेब, हे नसलं तर मशीन बोंबलतंय,’’ तो म्हणाला. मी नोंदीपुढे बरोबरची खूण केली आणि विसरलो.

त्या ग्रीसमधली काळी भुकटी म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइड. गंधकाच्या दोन थरांमध्ये मॉलिब्डेनमचा एक, असा एकेक पापुद्रा. पापुद्र्याच्या आतले बंध पक्के, दोन पापुद्र्यांमधले ढिले. म्हणून ते एकमेकांवरून घसरतात. वीजही पापुद्र्याच्या अंगाने सहज वाहते, आरपार जाताना अडखळते. २०११ साली स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे अशा एकाच पापुद्र्याचा ट्रान्झिस्टर तयार झाला. चुंबक या भुकटीला ओढत नाही. पण तिच्याच कुळातल्या टँटलम डायसल्फाइडच्या पापुद्र्यांमध्ये योग्य प्रमाणात लोखंडाचे अणू बसवले, की अतिथंड अवस्थेत ते स्वतःच चुंबक होते. लोखंड! शिरोलीच्या भट्ट्यांत रोज वितळते तेच.

इकडे शिवाजी विद्यापीठात डॉ. सी. डी. लोखंडे यांच्यासारख्या संशोधकांनी धातूंच्या सल्फाइडांचे पातळ थर बनवण्यात वर्षे घालवली. मध्ये फक्त पंचगंगा. गावाचे नावच पुलाची शिरोली. तो पूल मी कर्जाच्या फायली घेऊन शेकडो वेळा ओलांडला. त्या काळ्या बोटाचा प्रश्न घेऊन मात्र एकदाही नाही.